मी ट्यूबलाइटचा स्टार्टर नाही

मी बरणीतून बोलतोय. झाकण सैलच राहू द्या, घट्ट लावलं की मला कोंडल्यासारखं होतं.

माझा जन्म रायपूरजवळ बीरगांवला, निरंजनच्या घरी झाला. कणीक आणि पाणी हेच माझे आईबाप. दुसऱ्या दिवशी मला बुडबुडे आले, तिसऱ्या दिवशी मला घाण वास सुटला, मग दोन दिवस गप्प. निरंजनने मला टाकलं नाही. तो स्वतःच अबोल. गप्प असलेल्याला वेळ द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. आठव्या दिवशी मी फुगून बरणीला खुणेसाठी लावलेल्या रबराच्या वर चढलो.

नववीत शाळा सोडून तो भनपुरीच्या बेकरीत लागला होता. रोज सकाळी तो मला निम्मा काढायचा; जेवढा उरलो तेवढीच कणीक, तेवढंच पाणी घालायचा. मे महिन्याच्या उकाड्यात दोनदा. बरणीवर त्याने चिठ्ठी लावली होती, ‘स्टार्टर’; पाव फुगवणाऱ्या आंबलेल्या पिठाला बेकरीत तसंच म्हणतात.

त्याची आई, गोदूबाई, ती वाचून हसली. “काहून रे पोट्ट्या, ट्यूबलाइटचा स्टार्टर कणकेत बुडवला का?”

तो नुसता लाजला. समजावून सांगणं त्याला जमायचं नाही.

नवा रायपूरच्या एका हॉटेलात पाव करणारा माणूस हवा होता. सोमवारी स्वतःचा पाव घेऊन या, म्हणाले. निरंजन खुशीत होता. त्याच्याऐवजी पाव बोलणार होता.

रविवारी सकाळी तो बाजारातून परतला, तर घरभर खमंग वास. आईने माझी धिरडी केली होती. पीठ उतू चाललंय, वाया जाईल, असं तिला वाटलं. धिरडी जाळीदार झाली होती, हे मलाही मान्य आहे. पण बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

“आई, त्यात माह्या उद्याचा पाव होता,” निरंजन एवढंच म्हणाला.

गोदूबाईने झाकलेली वाटी पुढे केली. तळाशी चमचाभर मी होतो.

“दह्याचं भांडं कधी पुरं खाली करते का मी? विरजण ठेवलं ना. मले येडी समजून राहिला का?”

विरजण! महिनाभर निरंजनला हाच शब्द सापडत नव्हता.

त्याने मला लगेच कणीक-पाणी दिलं, दुपारी पुन्हा दिलं. ऊन कामाला आलं. संध्याकाळी माझा एक थेंब पाण्यावर तरंगला, म्हणजे मी तयार झालो होतो, आणि त्याने पाव मळायला घेतला.

सोमवारी त्या पावात मीच होतो, म्हणून सांगतो. हॉटेलवाल्याने एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग विचारलं, यात काय घातलंय? निरंजनने पहिल्यांदाच मान वर करून उत्तर दिलं, “जामन है, सर. माँ ने बचाके रखा था.” जामन म्हणजे हिंदीतलं विरजणच.

आता माझा एक भाग निरंजनबरोबर हॉटेलात कामाला आहे आणि एक गोदूबाईच्या ओट्यावर. चिठ्ठी तिने बदलून घेतली, ‘विरजण’. शेजारणींना ती मला वाटीवाटीने देते आणि वर बजावते, तेच तुम्हालाही सांगतो. हवा तेवढा न्या, धिरडीसुद्धा करा. फक्त बरणी पुरती रिकामी करू नका.