गोरक्षनानांची बीन

गोरक्षनानांनी सिन्नरच्या लग्नांत तीस वर्षं बीन वाजवली. पुंगी नव्हे, विजेवर चालणारी छोटी पेटी. ती सुरू झाली की वऱ्हाडातले शहाणेसुरते मामेसुद्धा रुमाल दातांत धरून जमिनीवर लोळायचे. मग पेटी जळाली, आतल्या काचेच्या नळ्या कुठे म्हणजे कुठे मिळेनात, आणि नाना गप्प झाले. जेवायलासुद्धा तीनतीनदा हाक मारावी लागे. "रुसलेत," त्यांची बायको म्हणायची.

त्यांची मुलगी उज्वला शहरातल्या इंदिरानगरात कॉम्प्युटर शिकवायची. दोन हजार तीन साली ती हट्टाला पेटली. एका लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून तिने बिनेचा आवाज कॉम्प्युटरमध्ये उभा करायला घेतला. बापाने पुन्हा वाजवावं, एवढंच तिला हवं होतं. वर्ष गेलं, पण शेवटी आवाज इतका जुळला की कॅसेटचा कुठला आणि कॉम्प्युटरचा कुठला हे आईलाही ओळखू येईना. नानांनी कॉम्प्युटरला जोडलेल्या पट्ट्यांवर बोटं फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर भजनाची पेटी झाली. तिखट कर."

तिने आवाज तिखट केला. "अजून," नाना म्हणाले. करता करता आवाज इतका चिरका झाला की शेजारणीने खिडकी लावून घेतली. नाना मात्र खुदकन हसले. "हां! ही माझी बीन!"

वाजवणाऱ्यालाच जास्त कळणार, अशी उज्वलाने स्वतःची समजूत घातली.

नानांच्या पुतणीच्या हळदीला उज्वला मॉनिटर मांडीवर घेऊन नानांसोबत जीपने सिन्नरला गेली. मांडवात नानांनी सुरुवात केली आणि पोरांनी कानांत बोटं घातली. बाया उठून गेल्या. "बंद करा रे ते!" कोणीतरी ओरडलं. बापाचं हसं झालेलं उज्वलाला बघवेना. तिने गुपचूप आवाज पहिल्यासारखा केला.

मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या. नानांचा जुना ढोलवाला झुंबर डोळे पुसत पुढे आला. "गोरख, हीच रं! हीच तुझी बीन!"

नानांची बोटं थांबली. "मधीच मेली व्हय? ह्या गलक्यात कायबी ऐकू येईना."

झुंबरने ओरडून पुन्हा सांगितलं. नानांनी एक पट्टी दाबून धरली. माणसं डोलायला लागली. नाना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"उज्वला, ह्या सगळ्यांना येती ऐकू?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तिने होय म्हणून मान हलवली.

"म्हंजी तुझा कॉम्प्युटर बरोबर हाय," नाना म्हणाले. "बिघाड माझ्यात हाय."

ते उठले. मांडव काही सोडेना, अजून हवं म्हणे. शेवटी उज्वलाच बसली आणि रडत, अडखळत वाजवू लागली. नाना समोरून तिच्या बोटांकडे बघत होते. ती कुठे चुकते ते त्यांना तेवढ्यावरून कळत होतं.