माहेरची माती

लॉनमध्ये निंबाची मुळं उघडी पडली आणि राजूबाईच्या जिवाला घोर लागला.

बिदरमधल्या मैलूरच्या घरापुढं हे लॉन तिच्या मुलानं, शिवशंकरनं, मोठ्या हौसेनं केलं होतं. रोज फवारा. वरच्या वर पाणी मिळाल्यावर मुळं तरी कशाला खाली जातील? एका सकाळी त्यांच्यात पाय अडकून तो आपटला, मनगट मोडलं. प्लास्टरचा हात गळ्यात बांधून म्हणाला, "आई, झाडच काढून टाकतो."

"दिवाळीपत्तर थांब," ती कशीबशी म्हणाली. "मी झाकते मुळ्या."

त्या निंबाखाली तिची पहिली मुलगी होती, पाच दिवसांची होऊन गेलेली. तेव्हा इथं शेत होतं. सासूनं लेकरू फडक्यात गुंडाळून नेलं, पुरलं आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर निंबाचं रोप लावलं. बाळंतिणीला उंबरा ओलांडू दिला नाही. मूठभर मातीसुद्धा आईच्या हातची पडली नाही. पुन्हा नाव काढायचं नाही, असं सासूनं बजावलं आणि राजूबाईनं सत्तेचाळीस वर्षं ते पाळलं. शिवशंकर आपला स्वतःलाच थोरला समजत होता.

माळी बंडेप्पानं सांगितलं होतं, "अक्का, दोन बोटं लाल माती टाका, चाळलेली. ज्यादा न्हाई. मुळीला बी दम घ्याया लागतो."

पण बिदरची ती लाल, खडबडीत माती लेकराच्या अंगावर घालायची? तिचं मन घेईना. तिनं भावाकडून, राजेश्वर गावाहून, टेम्पोभर काळी माती मागवली. माहेरची, लोण्यासारखी मऊ. स्वतःच्या हातांनी मूठ-मूठ टाकत वीतभर थर दिला, पार बुंध्यापर्यंत. "नीज माय," असं पुटपुटली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं. लॉन सपाट झालं म्हणून शिवशंकरही खूश. वर गवत लावलं, फवारा चालूच राहिला.

दिवाळीला पानं पिवळी पडली. गुढीपाडव्याला गल्लीतले सगळे निंब फुलले, हा एकटा वठलेला. बंडेप्पानं कुदळ मारली तर खाली नुसता चिखल, आणि मुळं कुजून वास मारत होती.

"कुणी केलं हे, अक्का? ह्या चिकट मातीनं गुदमरून मेलं की झाड."

राजूबाई खाली बसली आणि त्या मातीत हात घालून रडू लागली.

"कामून रडायलीस आई?" शिवशंकर म्हणाला. "झाडच हाय की."

"तुझी अक्का हाय खाली," ती म्हणाली, आणि मग सगळंच सांगून बसली.

बंडेप्पानं कुदळ बाजूला ठेवली. शिवशंकर आईशेजारी चिखलात उकिडवा बसला.

"तवाच एक शब्द बोलली असतीस," तो म्हणाला, "तर मी ह्या झाडाला हात लावतो म्हणलो असतो का?"

राजूबाईचे हात काळ्या मातीतच होते. ती दोन्ही हातांनी माती बाजूला ओढू लागली.