वर काही काम नसलेली माणसं

सायकल कठड्याला टेकवा आणि दम खा. तिसऱ्या वळणावर सगळेच थांबतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी वाल्दोम्ब्राचा घाटरस्ता बोलतोय. खाली गाव, वर खिंड आणि मधले नऊ किलोमीटर म्हणजे मी. तुमचा श्वास जागेवर येईपर्यंत माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कचेरीत झाला नाही. चर्चची घंटा वाजली की गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ-फावडं घेऊन यायचा. लेओनच्या या डोंगरांत अशा सामायिक कामाला असेंदेरा म्हणतात. जे घर येणार नाही त्याने सगळ्यांना घागरभर वाईन पाजायची, एवढाच दंड. तीन उन्हाळे लोकांनी डोंगर फोडला. या वळणापाशी येईपर्यंत ते इतके थकले होते की बाहेरचा कठडा वाकडाच राहिला. तुमची सायकल टेकलीय तो हाच.

माझ्यावरून खेचरं गेली, कोळसा गेला, दुधाचे कॅन गेले, एकदा बर्फातून एक सुईणही गेली. माझा चढ तेव्हा वाटेत ओढून होणाऱ्या सिगरेटींत मोजत. गावापासून खिंड तीन सिगरेटी, बैलगाडी असेल तर पाच. या सगळ्या येण्या-जाण्यातून माझी एक समजूत पक्की झाली होती. काम असल्याशिवाय माणूस चढ चढत नाही.

म्हणून पहिला सायकलवाला आला तेव्हा मी चक्रावलो. घामाने निथळत होता, तोंड लाल, आणि पाठीवर ना पिशवी ना पत्र. गाई हाकत असलेल्या ओनेसिमोने त्याला अडवून विचारलं, "वर काय काम काढलंत?"

"काही नाही."

"मग?"

"वर जाणार आणि खाली येणार."

ओनेसिमोने हा किस्सा फिदेलाच्या बारमध्ये महिनाभर सांगितला. गाईसुद्धा गवताशिवाय वर जात नाही, असं तो म्हणायचा आणि लोक टेबलावर थापा मारून हसायचे. मला हसू आलं नाही. मला कुतूहल लागून राहिलं. कारण तो माणूस उतरताना एकटाच गात होता. कोळसा उतरवणारं कुणी कधी गायलं नव्हतं.

पुढे शेजारच्या खोऱ्यात बोगदा झाला आणि माझी गरज संपली. कोळशाची खाण आधीच बंद पडली होती. बर्फाने मला चिरा पाडल्या, चिरांत पिवळ्या फुलांची झुडपं उगवली. गावातल्या एकेचाळीस घरांपैकी सात घरांच्या धुराड्यांतून धूर निघत राहिला. बाकीची माणसं शहरांत गेली आणि सणालाही बोगद्यातून येऊ लागली.

मग हेनार परत आली. ही ओनेसिमोच्या शेजारघरची मुलगी, आठ वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकायला होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बारीक चाकांच्या सायकलवरून माझ्यावर आली आणि याच वळणावरच्या खड्ड्यात आपटली. गुडघा फुटला. तरी तशीच बसून तिने खिशातून एक यंत्र काढलं, माझ्या पाठीवर ठेवलं आणि आनंदाने पुटपुटली, "चौदा टक्के." माझा चढ टक्क्यांतही मोजतात हे मला तेव्हा कळलं. रक्त येत असताना कुणाला आनंद का व्हावा, हे मात्र कळलं नाही.

तिला घाई होती. फिदेला सप्टेंबरअखेर, सान मिगेलच्या सणानंतर, बार बंद करणार होती. सात घरांच्या कॉफीवर चूल चालत नाही. आणि बार गेला तर माणसांनी एकमेकांची तोंडं बघायची जागाच उरणार नव्हती. हेनारने शोधून काढलं होतं की लेओन शहरातला एक सायकल क्लब सप्टेंबरच्या फेरीसाठी डोंगरातली नवी वाट बघतोय. त्यांची सचिव जूनच्या शेवटच्या रविवारी मला बघायला येणार होती. तोपर्यंत माझी तीन फुटकी वळणं भरली नाहीत तर फेरी दुसऱ्या खोऱ्यात जाणार होती.

हेनारने बारमध्ये सभा घेतली. भिंतीवर नकाशे दाखवले. रस्ता सरकारचा नसतो, चालणाऱ्यांचा असतो, असं ती इतकं कळकळीने बोलली की तिचा आवाज कापला. पालिकेकडून थंड डांबराच्या गोण्या मिळवल्या. दारोदार छापील पत्रकं वाटली. शनिवारी सकाळी ती फावडं घेऊन आली आणि संध्याकाळपर्यंत एकटीच होती. दीड खड्डा भरला.

रविवारी ती तणतणत बारमध्ये गेली. तिथे जे झालं ते ओनेसिमो नंतर गाईंमागून चालताना सांगत होता, तेव्हा मला ऐकायला मिळालं. म्हातारे पत्ते खेळत होते. ती म्हणाली, "ओनेसिमोकाका, तुम्हा कुणाला काहीच वाटत नाही का?"

"वाटतं की. पण तू बोलावलंस कुठे?"

"पत्रक दिलं ना दारात."

"पत्रक वीज कंपनीचंही येतं. घंटा वाजली नाही, हजेरी झाली नाही. पोरी, न बोलावता कामाला जाणारा माणूस एक तर उपाशी असतो, नाहीतर बायको शोधत असतो. माझं जेवण झालंय आणि बायको तिकडे बसलीय."

हेनारने घंटेचा कुजलेला दोर बदलला. जूनच्या पहिल्या रविवारी घंटा वाजली, आणि सात घरांतून नऊ माणसं निघाली. हेनार सोडली तर सगळ्यात तरुण फिदेला, एकसष्ट वर्षांची. कामाला हात लावण्याआधी ओनेसिमोने माझ्या तोंडाशी उभं राहून घरांची नावं घ्यायला सुरुवात केली. सातांवर तो थांबला नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस घेतली.

"काका, ती घरं बंद आहेत," हेनार हळूच म्हणाली.

"धुराडं उभं आहे तोवर घर आहे. घर आहे तर हजेरी आहे."

लोहाराचं घर. कुणी नाही. वरच्या विहिरीचं घर. कुणी नाही. प्रत्येक नावानंतर, त्या घरातलं कुणी धावत येऊन पोचेल इतका वेळ, ओनेसिमो थांबायचा. मी बोगद्यानंतरची वर्षानुवर्षांची शांतता सोसली होती, पण ही सोसवेना.

त्या दिवशी दोन वळणं भरली. या तिसऱ्याला हात लावायची ताकद कुणात उरली नाही. हेनारने यावेळी भाषण केलं नाही. तिने फोनवर हजेरी रेकॉर्ड करून घेतली होती, मधल्या शांततेसकट. ती गाव सोडलेल्यांना जशीच्या तशी पाठवली. खाली एक शब्दही लिहिला नाही.

पुढच्या रविवारी घंटा वाजण्याआधीच मला खालून चाकांचे आवाज आले. हिखोनहून, बिल्बाओहून, माद्रिदहून गाड्या आल्या. लोहाराच्या घरचा नातू आला होता, शहरातला दातांचा डॉक्टर. त्याने फावडं उलटं धरलं आणि फिदेलाने सगळ्यांसमोर ते सरळ करून दिलं. वरच्या विहिरीच्या घरातल्या दोघी बहिणी दंड म्हणून वाईनच घेऊन आल्या. ओनेसिमोने पुन्हा नावं घेतली. तेहतीस घरांनी "हजर" म्हटलं. उरलेल्या आठांसाठी तो तितकाच थांबला.

दुपारपर्यंत हे वळण भरलं. मग मी एक नवल पाहिलं. काम संपल्यावर ही माणसं खाली वळली नाहीत. चालत खिंडीपर्यंत गेली, उभी राहिली, वारा खाल्ला आणि परत आली.

क्लबची सचिव ठरल्या दिवशी आली. याच वळणावर उतरून तिने हेनारला विचारलं, हे ठिगळांचं काम कोणी केलं. हेनारने घरांची नावं सांगितली. "ठिगळं उंचसखल आहेत," सचिव म्हणाली, "पण धरतील."

सप्टेंबरात दोनशे दहा सायकली आल्या. फिदेलाची बटाट्याची ऑम्लेटं अकरा वाजताच संपली. सान मिगेल उलटला तरी बारची पाटी उतरली नाही. विचारलं तर ती म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

फेरीच्या सकाळी ओनेसिमो काठी टेकत माझ्यावरून चढत होता. गाई गोठ्यात होत्या. या कठड्यापाशी एक पोरगी सायकल थांबवून दम खात होती, आत्ता तुम्ही खाताय तशीच. तिने विचारलं, "आजोबा, वर काय काम आहे?"

त्याने काठी खिंडीकडे रोखली.

"काही नाही," म्हणाला, आणि चालू लागला.

काम नसताना माणूस वर का चढतो, याचं उत्तर मला अजून पूर्ण कळलेलं नाही. म्हणूनच तुम्हाला थांबवलं. आला ना श्वास जागेवर? मग निघा. वर पोचलात की काय दिसलं ते उतरताना मला सांगून जा. गाऊन सांगितलंत तरी चालेल. आणि तुमच्याही कुठल्या गावात एखादं धुराडं उभं असेल, तर तिथली घंटा वाजेल तेव्हा "हजर" म्हणायला जा. तिथे कुणीतरी नाव घेऊन थांबलेलं असतं.