इंजिनात राहिलेलं टोकन

लायसन चिपेताने मालगाडी लिकुंबा स्टेशनात आणून थांबवली, तेव्हा शेजारच्या रुळावर पॅसेंजर त्याचीच वाट बघत उभी होती. शहराकडे रूळ एकच, ही आत आल्याशिवाय ती बाहेर पडणार कशी? त्या पॅसेंजरमध्ये त्याची बायको एनेलेस होती आणि तिच्या मांडीवर त्यांची तदाला. हिवतापाने पोरीच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं. आजच्या आज शहरातल्या इस्पितळात न्या, रक्त चढवलं तर वाचेल, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं.

बापाचा जीव तो! इंजिनातून उडी टाकून धावत सुटला. खिडकीतून हात घालून पोरीच्या कपाळाला लावला, तर चटकाच बसला.

"बांबो, मांदासी आणली?" तदालाने डोळे न उघडताच बापाला विचारलं.

"बरी होऊन ये गं, टोपलीभर गोड वडे तळून घेऊ."

"टोपलीभर म्हणे!" एनेलेस रडतारडता हसली. "एक आणता आणि त्यातली अर्धी वाटेत स्वतःच खाता."

तेवढ्यात स्टेशनमास्तर काम्वेंदो हातात टोकनचं कडं घेऊन धावत आला. "आटप चिपेता! हे घे पुढचं. आणि मागचं खाली टाक आधी!"

"टाकतो रे, टाकतो!" चिपेताने नवं कडं हिसकावून घेतलं, इंजिनात चढला, शिट्टी दिली आणि निघाला. डोळे सगळे त्या खिडकीवर. मागचं टोकन खुंटीवर होतं तिथेच लटकत राहिलं. काम्वेंदो हात हलवत, बोंबलत गाडीमागे धावला. चिपेताला वाटलं, निरोप देतोय. त्यानेही हात हलवला.

आता त्या कड्याएवढ्या वस्तूचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. अहो, सगळं तिच्यावरच तर चालतं! ती लिकुंबाच्या यंत्रात परत बसली की यंत्राला पटतं, शहराकडचा मार्ग मोकळा आहे. मग ते पॅसेंजरसाठी टोकन सोडतं, आणि ते सुटलं की मगच सिग्नलचा हात खाली पडतो. माणूस चुकला तरी गाड्या भिडू नयेत म्हणून सगळं एकात एक अडकवून ठेवलेलं. मार्ग रिकामा होता, साऱ्या स्टेशनाला दिसत होता. यंत्राच्या लेखी मात्र चिपेताची गाडी अजून मधेच कुठेतरी होती.

काम्वेंदोने शहरातल्या नियंत्रकाला फोन लावला. पोर मरायला टेकलीय म्हणाला, गयावया केली. पण मागच्या वर्षी अशाच तोंडी परवानगीवर दोन गाड्या समोरासमोर आल्या होत्या. "टोकन आणा, मग बोला," एवढंच उत्तर आलं. आणि त्याचंही काय चुकलं म्हणायचं?

इकडे चिपेता इंजिनात बसून मनाशी हिशेब करत होता. आता पॅसेंजर पुलावर आली असेल. आता उसाचे मळे. आता शहर दिसायला लागलं असेल. एकदा तर चक्क गुणगुणला.

चिसोम्बे स्टेशनात मास्तर म्बेवे फलाटाच्या टोकालाच उभा होता. "अरे बाबा, मागचं टोकन कुठंय?"

चिपेताने वळून खुंटीकडे पाहिलं. तिथे लटकलेलं कडं त्याने ओढून काढलं.

"पॅसेंजर?" त्याने विचारलं.

"तिथेच उभी आहे," म्बेवे खाली मान घालून म्हणाला.

म्बेवेच्या मोटरसायकलवर मागे बसून, टोकन छातीशी धरून चिपेता कच्च्या रस्त्याने परत निघाला. "जोरात घे, तुझ्या पाया पडतो," एवढं एकच तो वाटभर म्हणत राहिला.

काम्वेंदो त्याला फाटकापाशीच भेटला. त्याने चिपेताच्या हातातलं टोकन घेतलं आणि त्याचा खांदा धरून ठेवला. "गेली रे. आत्ताच," तो म्हणाला. "बायकोला मी यंत्र बिघडलं म्हणून सांगितलंय. तूही तेच सांग. बाकी कुणी बोलणार नाही."

एनेलेस फलाटावर कडुनिंबाखाली बसली होती. पोरीला तिने कमरेच्या चितेंजेच्या कापडात नीट गुंडाळलं होतं. चिपेताला पाहताच तिने हंबरडा फोडला. "यंत्र बिघडलं हो! आजच बिघडायचं होतं का?"

हो म्हणायचं, संपलं. कुणी विचारणार नव्हतं. पण तिच्या तोंडाकडे बघून त्याला खोटं बोलवेना.

"यंत्र नाही बिघडलं. टोकन माझ्या इंजिनात राहिलं. तुमच्या खिडकीशी आलो आणि द्यायचं विसरलो. माझ्यामुळे थांबली गाडी."

एनेलेसचं रडणं थांबलं. मागे सिग्नलचा हात पडला, पॅसेंजर शिट्टी देऊन निघून गेली.

एनेलेस पोरीला घेऊन उठली, तशी तिचा तोल गेला. चिपेताने दोन्ही हात पुढे केले. "दे, मी घेतो तिला."

"नको," ती मागे सरून म्हणाली. "तुमच्या हातात दिलेलं तुमच्या लक्षात राहत नाही."

आणि पोरीला खांद्यावर टाकून ती एकटीच घराच्या वाटेला लागली.