हनुवटीवरचे पाच ठिपके

“ही माझी माय नही, भाभी.”

स्क्रीनवरचा चेहरा बघून प्रमिलाबाई एवढंच बोलल्या आणि त्यांनी खुर्ची मागे सरकवली. त्यांची सून कामिनी गडबडली. “आई, नीट बघा ना. निगेटिव्हच्या पाकिटावर आजोबांचंच नाव आहे.”

“बाप माझाच हाये. त्याच्या शेजारची बाई दुसरी.”

सावद्यातला आमचा फोटो स्टुडिओ माझ्या सासऱ्यांनी, अभयकुमारजींनी काढला; त्यांना सगळे बाऊजी म्हणत. बाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या निगेटिव्ह अजून कपाटात आहेत. कुणी मागायला आलं की मी ती शोधून स्कॅन करते, कॉम्प्युटरवर डाग-ओरखडे काढते आणि प्रिंट देते. माझे यजमान जिनेश बाहेरची शूटिंग बघतात. प्रमिलाबाईंच्या घरातला आईवडिलांचा एकमेव फोटो वाळवीने खाल्ला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरताना आईचा फोटो समोर असावा, एवढ्यासाठी साठीला टेकलेली ती बाई भर उन्हात आली होती. आखाजीला आठ दिवस होते.

“अक्का, काय वेगळं वाटतं?” मी विचारलं.

“हनुवटीवर गोंदन व्हतं तिच्या. मी कुशीत निजे तव्हा बोटानं चाचपे. चार वर्सांची व्हती मी, ती गेली तव्हा. तोंड नही ध्यानात, पन ते ध्यानात हाये.”

त्या गेल्यावर मी निगेटिव्ह काचेवर ठेवली, खालची ट्यूब लावली आणि भिंगातून पाहिलं. प्रमिलाबाईंच्या आईच्या, भिकुबाईंच्या हनुवटीवर, गालांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. बाऊजींचाच हात. निगेटिव्हवर चेहरा काळा दिसतो आणि चेहऱ्यावरचा डाग पांढरा. ती पांढरी जागा टोकदार पेन्सिलीने भरली की प्रिंटमध्ये डाग नाहीसा होतो. आम्ही आता माउसने करतो तेच बाऊजी शिशाने करत. म्हणजे त्यांनी काहीतरी झाकलं होतं. गोंदणच असणार, असं मी धरून चालले.

“पेन्सिल टर्पेंटाइनने निघेल,” मी ह्यांना म्हटलं. “पण फिल्म जवळजवळ साठ वर्षांपूर्वीची. पेन्सिलीबरोबर चेहराही निघून आला तर?”

“पुसायचं कशाला? पाच ठिपके टाक हनुवटीवर. त्या वेळच्या निम्म्या बायकांना तेच असायचं.”

“त्यांच्या आईला काय होतं, आपल्याला काय माहीत?”

“त्यांना तरी कुठे माहीत आहे? चेलना, तू वाढदिवसाच्या फोटोत आकाश निळं करतेस तेव्हा देवाला विचारतेस का?”

मी हसले. आणि दुपारी ठिपके टाकले. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. कडा जरा पसरट केल्या, हिरवट काळ्या शाईच्या जागी राखाडी छटा दिली, वरून जुन्या फिल्मवर दिसतो तसा खरखरीत दाणा आणला. काम सुरेख झालं, हे मला तेव्हाच कळलं होतं. खोटं इतकं खरं दिसत होतं, म्हणूनच जिवाला लागलं.

आम्ही जैन; मी रोज सकाळी त्या दिवसापुरता एक नियम घेते. कधी मीठ सोडते, कधी पादत्राण. ज्या दिवशी प्रमिलाबाई फोटो न्यायला आल्या, त्या दिवशी माझं दुपारपर्यंत मौन होतं. मी मागच्या खोलीत माळ घेऊन बसले होते. दार उघडंच होतं. ह्यांनी फोटो हातात दिला.

प्रमिलाबाईंनी पदराने काच पुसली. नंतर डोळे पुसले. “हीच. हीच माझी माय.”

“बघा,” हे म्हणाले, “तुमची भाभी जादूगार आहे.”

“मी आखाजीच्या आदल्या दिवशी मुक्ताईनगरच्या बाजारात जाते. गोंदनारी बसते तिथं. असंच्या असं काढून घेते.”

कामिनी म्हणाली, “ह्या वयात, आई? पिकेल, सुजेल.”

“पिकू दे. सोनंनानं इथंच ऱ्हातं, गोंदन संगं येतं. चार वर्सांची पोर टाकून गेली ती. आता माझं तोंड तिच्यापेक्षा म्हातारं झालं. वर गेल्यावर ती माले ओयखीन कशी? हे पाच दिसले तर ती म्हनीन, ये व माझी बाई.”

त्या मागच्या खोलीत आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवून दृष्ट काढल्यासारखी त्यांनी कडाकडा बोटं मोडली. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि एक शब्दही बोलले नाही. मौन होतं ना! मोडलं असतं तर प्रायश्चित्त घेता आलं असतं, त्याची सोय शास्त्रात आहे. पण मी हातातली माळ पुढे सरकवली. त्या वेळी मी व्रत पाळलं की व्रताच्या आड लपले, हे मला सांगता येणार नाही. सांगता येतं, पण सांगवत नाही.

दुपारी मौन सुटल्याबरोबर मी कामिनीला फोन लावला. “अक्कांना गोंदू देऊ नका. ते ठिपके मी काढलेत.”

कामिनीने फोन ठेवला.

“झालं समाधान?” हे म्हणाले. “त्या बाईला आई मिळाली होती. तू काढून घेतलीस.”

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. प्रमिलाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. “काल काहून नही बोलली तू?”

“मौन होतं, अक्का.”

“देवाले असं मौन आवडते?”

मी मान खाली घातली. पेन्सिलीखाली खरं काय आहे ते पुसल्यावर कळेल, फिल्म खराबही होऊ शकते, असं दोन्ही सांगितलं.

“पूस.”

कापसाच्या बोळ्याने मी हळूहळू पुसत गेले. केसांपाशी फिल्मचा पापुद्रा जरासा उचकटला, माझा हात थांबला. प्रमिलाबाई म्हणाल्या, “पूस म्हनलं ना.” शिसं निघालं. चेहरा टिकला. सुकल्यावर स्कॅन केला आणि आम्ही तिघी स्क्रीनकडे पाहत राहिलो.

गोंदण नव्हतं. हनुवटीवर, गालांवर, नाकाच्या शेंड्यावर देवीच्या रोगाचे व्रण होते. हनुवटीवर सगळ्यात दाट.

“गोंदन बोटाले लागत नही,” प्रमिलाबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “खड्डा लागते. इतक्या वर्सांत माझ्या ध्यानात नही आलं.”

मग माझ्याकडे वळल्या. “हे तिनंच सांगितलं असंन तुझ्या सासऱ्याले. झाका म्हनून.”

“असेल, अक्का.”

“आन आपुन उघडलं.”

मी खरं बोलले होते, आणि त्याने एका मेलेल्या बाईची लाज उघडी पडली होती. मला फक्त माझं पाप धुवायचं होतं. भिकुबाईंना विचारायचं असतं, हे मनातही आलं नव्हतं.

कामिनी हळूच म्हणाली, “आई, ठिपक्यांचाच ठेवू या का? घरी सगळ्यांना आवडलाय.”

“तो हिनं काढेल हाये. त्याच्यापुढं काय घागर भरू?” त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. “भाभी, हे बी पूस. तुमच्या मशीनमधलं समदं. कोनाले दिसू नको दे.”

मी त्यांच्या देखत एकेक फाइल काढून टाकली. कॉम्प्युटरवर पुन्हा पुन्हा ‘नक्की काढायचं का’ असं विचारलं जात होतं, आणि दर वेळी मी त्यांच्याकडे बघत होते. त्या मान हलवत होत्या.

“निगेटिव्ह माले दे.”

पातळ कागदात घालून दिली. त्यांनी ती बाहेर काढून दारातल्या उन्हाकडे धरली. तिथे भिकुबाईंचं तोंड काळं कुळकुळीत होतं आणि व्रण पांढरेशुभ्र, दाटीने उमटलेले. त्या कितीतरी वेळ पाहत होत्या. मधेच त्यांचं बोट स्वतःच्या हनुवटीवर गेलं.

“कामिनी, मुक्ताईनगरले नही जायाचं.”

“बरं, आई.”

“माफ करा, अक्का,” मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं. निगेटिव्ह कागदात घालता घालता त्यांनी मला विचारलं, रागाने नाही, खरोखर उत्तर हवं असल्यासारखं, “गोंदन असतं तर मी बी काढलं असतं. देवी कुठून आनू, भाभी? ती माले कशावरून ओयखीन?”

मी काही बोलायच्या आत त्या पायऱ्या उतरायला लागल्या.