गुरुवारची पिवळी

निता सिस्टरला या तपासणीतून मिळायचं होतं ते एवढंच. जाता-येता मिळून दिवसाचे तीन तास. जीपमधल्या मागच्या चाकावरच्या जागेपासून सुटका, जिथे सहा वर्षं बसून तिचं कंबरडं रस्त्यातला एकेक खड्डा ओळखायला लागलं होतं. आणि दहावीतल्या लेकीची, रुचिकाची वेणी सकाळी आपल्या हाताने घालणं. घर कारंज्याला, नोकरी कामरगावच्याही पुढे. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की खुलासा मागतात.

कारंज्याच्या दवाखान्यात एक जागा रिकामी झाली होती. बदलीचा अर्ज तयार होता, फक्त डॉक्टर अमरदीप साहेबांची ना-हरकत हवी होती. साहेब म्हणाले, "सिस्टर, स्वच्छतेच्या तपासणीत नंबर आणून द्या. शिल्ड आली की त्याच दिवशी सही." साहेबांचाही हिशेब होता. शिल्ड मिळालेल्या डॉक्टरला वाशीमला खुर्ची मिळते, असं त्यांच्या कानावर होतं.

तपासणीत सगळ्यात जास्त मार्क चादरींना. आठवड्याच्या सात वारांना सात रंग, म्हणजे चादर रोज बदलली की नाही हे दारातूनच कळावं. बुधवार हिरवा, गुरुवार पिवळा, शुक्रवार जांभळा. सातही रंग चार वर्षांपूर्वीच आले होते आणि पेशंट झोपले की मळतात म्हणून कपाटात कुलपाआड होते. पेशंट घरच्या गोधड्यांवर झोपत. त्यांना वार कळायचा तो बाजारावरून.

टीम बुधवारी येणार होती. मंगळवारी संध्याकाळी वॉर्ड रिकामा केला. खोकणारे गेले, उलट्यावाले गेले. दाखवायला दोन पेशंट ठेवले, आजारी दिसणारे पण घाण न करणारे. बाळंतपणाची खोली फिनाईलने धुतली, टेबलावर चादर ताणली आणि कुलूप घातलं. आयाबाई दुर्गाबाईने उंबऱ्यापुढे रांगोळीत 'सुस्वागतम्' काढलं. सफेद ॲम्बुलन्स धुऊन, झेंडूचा हार घालून दारात उभी केली.

बुधवारी टीम आली नाही. साहेबांना फोन आला, उद्या येतो. निताने रात्र दवाखान्यातच काढली आणि उजाडताच हिरव्या चादरी काढून पिवळ्या घातल्या.

गुरुवारी अकराला फाटकात ऑटो थांबला. तांड्यावरची हिरीबाई उतरली आणि तिच्या खांद्यावर कलंडलेली तिची सून पिंकी.

"सिस्टर बाई, पोरीच्या कळा सरून नाई राह्यल्या वो!"

साहेब धावत आले. पेशंटकडे नाही, रांगोळीकडे. "रेफर करा, सिस्टर. ॲम्बुलन्स आहे ना."

ड्रायव्हर देवमनने हात जोडले. "साहेब, चाकं आत्ताच धुतली. रस्त्यात सारा चिखल हाय."

"मंग चाकं डोक्यावर घेऊन चाल ना तू!" हिरीबाई म्हणाली.

निताने पिंकीला पडद्यामागे नेऊन तपासलं आणि बाहेर आली. "साहेब, डोकं दिसतंय. कामरगावही गाठायची नाही ती."

"अहो, टीम फाट्यावर आली. खोलीत एक डाग दिसला तर गेली शिल्ड." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा कागद माझ्या टेबलावरच आहे बरं का."

निता दोन क्षण उभी राहिली. तेवढ्यात तिने तीन तास, जीप आणि वेणी सगळं मोजलं असणार. किल्ली तिच्याच कमरेला होती. पिंकीला धरून ती 'सुस्वागतम्'वरून चालत गेली. मागे 'सुस्वा' एवढंच उरलं.

वीस मिनिटांत मुलगी झाली. रडली ती अशी, की दाखवायला ठेवलेले दोन्ही पेशंट उठून बसले. निताने आई-लेकीला वॉर्डात नेलं, दुर्गाबाईने फरशी पुसली, टेबल पुसलं. पण टेबलाची पिवळी चादर बादलीत होती, आणि त्या टेबलाला प्रत्येक रंगाची एकच चादर. वॉर्डातली आणली तर तिथली खाट उघडी. तेवढ्यात फाटकात गाडीचा हॉर्न वाजला.

"जांभळी घालू?" दुर्गाबाईने विचारलं.

"गुरुवारी जांभळी? त्याहून उघडं टेबल बरं."

निताची नजर हिरीबाईच्या पिशवीवर गेली. आत पिवळंधमक सुती पातळ होतं, घडी न मोडलेलं. बाराव्या दिवशी, बारशाला, सुनेला नेसवायला आणलेलं.

"आजी, हे पातळ अर्धा तास द्या. टेबलावर घालते."

"माह्या सुनीचं पातळ? काहून? तुमच्या सरकारजवळ चादरी नाईत काय?"

"आहेत. पण आज गुरुवार आहे."

हिरीबाईला यातलं काही कळलं नाही. कळण्यासारखं त्यात नव्हतंच. पण नातीला हातात झेलणारी बाई मागत होती. "घे माय. पन डाग नको पाडू."

पातळ दुहेरी करून टेबलावर ताणलं, लाल काठ गादीखाली दाबले. तपासणीचे मोठे साहेब आत आले. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, मग टेबल पाहिलं, मग बोटांनी कापड चोळलं.

"मऊ आहे हो. सरकारी वाटत नाही."

"दर्जाशी आम्ही तडजोड करत नाही, सर," अमरदीप साहेब म्हणाले.

"पण शिक्का कुठे आहे? दवाखान्याच्या कापडावर शिक्का पाहिजे. अर्धा मार्क जाईल."

"धनराज!"

स्टोअरवाला धनराज शिक्का घेऊनच धावला. या माणसाकडून गेल्या सहा वर्षांत एकही काम त्याच दिवशी झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र निता "अहो, थांबा" म्हणेपर्यंत पातळाच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये एक, असे पाच शिक्के बसले होते. धुतल्याने न जाणाऱ्या शाईचे.

टीम जेवून गेली. दारातून हिरीबाईने पातळ पाहिलं.

"सिस्टर बाई, आता हे नेसून माही सून पोलिओचा डोस पाजत फिरन काय?"

निताने फक्त एवढंच विचारलं, "बारसं कधी करता, आजी?"

बारशाच्या आदल्या दिवशी निकाल आला. दवाखाना जिल्ह्यात दुसरा. शेऱ्यात लिहिलं होतं : 'प्रसूतिगृहातील चादर उल्लेखनीय.' निता निकालाचा कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिली खुर्ची.

"सिस्टर, तुम्ही गेलात तर हा दवाखाना कोण सांभाळणार? असं माणूस मी सोडलं तर वरचे मला विचारतील. तुमच्या कामाचं कौतुक म्हणूनच नाही म्हणतोय."

"आणि शब्द दिला होता तो?"

"शब्द तपासणीपुरता होता हो. तुम्ही त्याहून जास्त काम केलंत."

दुसऱ्या दिवशी हिरीबाई आली. निताने पिशवीतून साडी काढली. आबोली रंगाची, बारीक जरीची. कारंज्याच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी नेसायला घेऊन ठेवलेली.

"ही तं भारीची दिसते वो. मले बदल्यात एवढं नाई पायजे."

"घ्या, आजी. मले आता ती कुठं नेसायची नाई."

आता बेरीज. अमरदीप साहेबांना शिल्ड मिळाली आणि पुढच्या महिन्यात वाशीमची खुर्ची. शिल्ड ते सोबत घेऊन गेले, भिंतीवर खिळा राहिला. नवीन साहेब आले आणि म्हणाले, मी आत्ताच आलोय, वर्षभर थांबा. धनराजच्या रजिस्टरात एक चादर वाढली. लाल काठाची ती चादर कपाटात, कुलपाआड, पुढच्या गुरुवारच्या तपासणीची वाट पाहत आहे. पेशंट पुन्हा गोधड्यांवर. पिंकीला मुलगी आणि जरीची साडी. देवमनच्या ॲम्बुलन्सची चाकं अजून स्वच्छ आहेत.

निता सकाळी सहाच्या जीपमध्ये मागच्या चाकावर बसते. आणि रुचिकाने एका रविवारी पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून घेतले. आईला म्हणाली, "आता वेणीचं टेन्शनच नाही, मम्मी."

कमरेपर्यंत येत होते ते.