पांढऱ्याखालचा माणूस

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात असं तुम्हीच सांगत फिरता, मग तोंड फुटलं तर दचकता कशाला? मी काही किल्ल्याबिल्ल्याची भिंत नाही. कॅनडातल्या विनिपेगमधल्या एका विद्यापीठाच्या चित्रदालनात लाकडी चौकटीवर बोर्ड ठोकून मला उभी केली. जन्म सुताराच्या हातचा आणि आयुष्य सगळं पांढऱ्या रंगात गेलं.

आमच्याकडची रीत अशी. प्रदर्शन संपलं की चित्रं उतरतात. मग डार्लीन येते. दालनातली सगळी मांडामांड करणारी ही बाई. आवाज फाटका, पण जीव लावणारी. खिळ्यांच्या भोकांत ती लांबी भरते, घासते आणि वरून पांढरा हात मारते. "चल गं बये, तोंड धुऊन घे," असं म्हणतच रोलर फिरवायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कोरी करकरीत.

माणसं मोठी मजेशीर असतात हो. उद्घाटनाला येणारी निम्मी चीज आणि द्राक्षांसाठी येतात. चित्रापुढे दोन क्षण थांबतात आणि शेजारची नावाची पट्टी मात्र शेवटपर्यंत वाचतात. एकदा मोटारीच्या टायरांचा केलेला बैल माझ्यापुढे उभा होता. प्राध्यापक मंडळी हनुवटीला बोट लावून त्याच्याभोवती फिरत होती, तेवढ्यात एका बाईनं त्याच्या शिंगाला आपला ओला कोट अडकवला. शिल्पकार रडायच्या बेतात आला होता. मला इतकं हसू आलं, पण हसणार कशी?

असे दिवस बरे चालले होते. मग थोरा आली.

थोरा आयनार्सन, सरोवराकाठच्या मासेमाराची पोर, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. प्रदर्शनाला वर्गातल्या बाकीच्यांनी चित्रं आणली, पुतळे आणले. हिनं आणली कंदिलाची काजळी आणि बापाच्या खोपटातलं माशाचं तेल. दोन्ही कालवून ती थेट माझ्यावरच काढायला लागली.

"थोरा, अगं वास येतोय!" ओदील मारशाँ नाकाला रुमाल लावून म्हणाली. ओदील दालनाची प्रमुख.

"येऊ दे की. आमच्या घराचा आहे."

तिनं माणसाएवढा माणूस काढला. जरा तिरका, पाठमोरा. गोठलेल्या सरोवरावर गुडघे टेकून बसलेला, बर्फातल्या भोकात कोपरापर्यंत हात घालून जाळं ओढणारा. बाकी काही नाही. भोवतालचा बर्फ म्हणजे मीच. तिचं मनगट दिवसभर माझ्यावर टेकलेलं असे. इतकी ऊब मला आधी कुणी दिली नव्हती.

तो माणूस म्हणजे तिचा बाप, वालदी. ती त्याला फोन करायची आणि आवाज मोठा ठेवून काम करत राहायची.

"बाबा, येणार ना बघायला?"

"जाळी बर्फाखाली आहेत, पोरी. पुढच्या खेपेला येतो."

"ह्याला पुढची खेप नसते, बाबा. सोमवारी पुसायचंय सगळं."

"पुसायचंच आहे तर काढतेस कशाला?"

ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र माझ्यावर कपाळ टेकून कितीतरी वेळ उभी राहिली.

पुसायचंच असतं, ही आमची रीतच आहे. भिंतीवर ज्यानं काढलं, त्यानंच शेवटी ते पांढरं करायचं. तेलकट चित्र असलं तर आधी अस्तराचा हात द्यावा लागतो, नाहीतर डाग वर येतो. पण पुढचं उद्घाटन डोक्यावर आलं होतं. डार्लीन म्हणाली, "अस्तर सुकायला दिवस खातं. मार नुसता पांढरा. कोण बघतंय!" थोरानं पांढरा मारला, हात धुतले आणि घरी जायला निघाली. सरोवराच्या रस्त्यावर त्या संध्याकाळी बर्फाचं वादळ होतं. तिची गाडी घरी पोचलीच नाही.

दुसऱ्या दिवशी डार्लीन रंगाचा डबा न उघडताच माझ्यापाशी जमिनीवर बसली. तेव्हाच मला कळलं.

पुढे मला कसंसंच व्हायला लागलं. आतून कुणीतरी सरकतंय, असं वाटायचं. कुणाच्या तरी फुलांच्या चित्राशेजारी एक तपकिरी डाग उमटला. डार्लीननं रंगवला, तो परत आला. मग कोपर आलं, मग खांदा, मग वाकलेली पाठ. पुन्हा पांढरं, पुन्हा पाठ. पोरं कुजबुजायला लागली, "त्या भिंतीत कुणीतरी आहे." झाडणारी बाई छातीवर क्रूस काढून लांबूनच फरशी पुसायची. खरं सांगू? भीती मलाही वाटायची. आपल्या अंगातलं माणूस आपल्याला न विचारता बाहेर यायला लागलं की भिंतीचंही पाणी पाणी होतं.

मग टोरांटोहून प्रेस्टन नावाचा शिल्पकार आला. त्याचे प्लास्टरचे पांढरेशुभ्र मुखवटे माझ्यावर टांगायचे होते.

"माझ्या मुखवट्यांमागे हे कुणाचं भूत?" तो ओरडला. "हे चालायचं नाही."

ओदीलनं सांगितलं, अस्तराचे दोन हात मारा आणि कायमचं मिटवा. डार्लीन हो म्हणाली आणि बाहेर जाऊन तिनं वालदीला फोन केला.

तो दुसऱ्याच दिवशी आला. हातात टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं ना. चित्राचे फोटो त्याला ओदीलनं मागेच पाठवले होते, पण फोटो घेऊन काय करायचं त्यानं? पोरीचा हात जिथं फिरला ते त्याला बघायचं होतं. आधी त्याला काही दिसेचना. डार्लीननं बोट दाखवलं. मग त्यानं हातमोजा काढला आणि स्वतःच्याच पाठीवर तळवा ठेवला.

"इतका वाकलेला असतो मी?"

"तिला दिसायचास तसा," डार्लीन म्हणाली.

"वरचा पांढरा खरवडता येईल?"

"येईल. पण त्याच्याबरोबर तिनं काढलेलंही निघून येईल."

त्यानं तळवा काढला नाही. अस्तराचा डबा उघडाच होता. डार्लीन ओदीलकडे वळली. "कापून देऊया त्याला."

"भिंत विद्यापीठाची आहे, डार्लीन. समितीपुढे न्यावं लागेल."

"समितीला सांग, बुरशी आली होती."

ओदीलनं एकदा वालदीकडे पाहिलं. मग प्रेस्टनचा दंड धरला. "चला, तुम्हाला कॉफी पाजते. सावकाश पिऊ."

आता एक गोष्ट सांगते. ती जगात फक्त मला ठाऊक आहे. त्या सोमवारी रोलर उचलण्याआधी दालनात कुणी नव्हतं. थोरानं उरलेल्या काजळीत बोट बुडवलं आणि त्या माणसाच्या मागे, मोकळ्या बर्फावर, एक लहान मुलगी काढली. जाड कोट, ढगळ बूट, आणि एक हात पुढे करून बापाच्या कोटाचं टोक धरलेलं. बघितलं, बाहीनं डोळे पुसले आणि ओलं असतानाच त्यावर पांढरा मारला. फोटोत ती नाही. अजून वरही आलेली नाही.

आणि डार्लीननं पेन्सिलीनं आखलं ते फक्त त्या माणसाभोवती! रेघ पोरीच्या मनगटावरून जात होती. मला ओरडता आलं असतं तर सगळं दालन हादरलं असतं. करवत लागणार, तेवढ्यात वालदी म्हणाला, "थोडा मागचा बर्फही येऊ दे."

"तिथं काही नाहीये, वालदी."

"असू दे. जाळं ओढायचं तर माणसाला मागं सरकायला जागा लागते. मागं बर्फ नसला तर तो ओढणार कसा?"

डार्लीननं रेघ पुसली आणि लांब सरकवून पुन्हा मारली. करवतीनं दुखलं, खोटं कशाला बोलू? पण पोर अख्खी आली. बाकीची भिंत तिथंच राहिली, तिच्यावर मुखवटे टांगले असतील. बोलतेय तो हा तुकडा.

निघताना डार्लीननं बजावलं, "ऊब ठेव. उबेनं तेल वर येतं. पण वेळ लागेल हं, कदाचित वर्षंही."

"आता मला कुठं जायचंय?" तो म्हणाला.

मी त्याच्या स्वयंपाकघरात आहे, शेगडीसमोर. बाहेर सरोवर कडक गोठलंय आणि यंदा वालदीनं जाळी टाकलेली नाहीत. तो लाकडं घालतो, कॉफी ओततो आणि बघत बसतो. पाठ आता स्पष्ट झालीय, बर्फातल्या भोकाची कडासुद्धा. कधी म्हणतो, "आलो गं पोरी, उशीर झाला." शेजारी येऊन टोमणा मारतो, "स्वतःच्याच पाठीकडे काय बघत बसलायस, म्हाताऱ्या? मासे काय पाठीवर येणारेत?" वालदी त्याच्यापुढे कॉफीचा कप सरकवतो.

मी आतून जोर लावते. ओल्या रंगात ती विरघळली असेल, तर येणारही नाही. तरी लावते.

आज सकाळी कोटाच्या टोकापाशी एक ठिपका उमटला. बोटाच्या पेराएवढा. वालदीला वाटलं, शेगडीची काजळी उडाली. ओलं फडकं घेऊन तो उठला. नको रे बाबा, पुसू नकोस! त्यानं फडकं टेकवलं, आणि थांबला. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघितलं. बोट लावून बघितलं. काजळी बोटाला लागली नाही.

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. खुर्ची उचलून मोकळ्या बर्फासमोर आणून ठेवली. शेगडीत दोन लाकडं जास्तीची घातली आणि बसला.

ये गं, थोरा. तो आता उठत नाही.